मागची सीट

१९ फेब्रुवारी, रविवार
दुकानाच्या माडीवरून

प्रिय छोटी,

तुला खूप आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद नेहमीचे, धपाटा पत्र न पाठवल्याबद्दल. फोन करतेस ते मान्य, पण तुझ्या फोनवर मला बोलायला मिळतं कुठे? आधी तू बोलतेस, मध्येच चिंगी "मावशी, माझा दात हलतोय" म्हणून ओरडते, मग जावईबापू फोन हिसकावून "काय म्हणता, धंदा कसा काय?" विचारतात, आणि मी "बरा आहे" म्हणेपर्यंत तुझी बस डेपोतून काढायची वेळ झालेली असते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्रात मला कोणी मध्येच तोडत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी सरली आणि शहरातली मंडळी डोंगराकडे धावायला लागली. आजही दुकानासमोर गाडी लावायला जागा नव्हती. टपावरून नव्याकोऱ्या सायकली उतरवायच्या, टायरात दगडासारखी हवा भरायची आणि डोंगरावरच्या उद्यानाच्या फाटकातून वर सुटायचं, की झालं. दुपारी तीच माणसं कंबर धरून परत येतात आणि मलाच विचारतात, "रस्ता इतका खराब कसा हो?" अहो, कच्चा रस्ता आहे, खडी आहे, तो तसाच असणार! आज एका साहेबांना मी म्हटलं, "जरा हवा कमी करा, मग सगळं सोपं जाईल." त्यांना वाटलं मी त्यांच्या स्वभावाबद्दल बोलतेय. असे लाल झाले म्हणून सांगू! शेवटी मीच खाली बसून दोन्ही टायरांची हवा थोडी सोडली. मऊ टायर खडी पोटात घेतो, कडक टायर तिच्यावरून घसरतो. जाऊन आले आणि हसत पैसे देऊन गेले.

आता मोठी बातमी. दाताच्या डॉक्टरने मनगट मोडून घेतलं. उजवं! सहा आठवडे प्लास्टर. गावात ज्याची दाढ दुखायला लागलीय तो मला शिव्या घालतोय, कारण हे आमच्या रविवारच्या फेरीत झालं.

तुला आमची फेरी आठवत असेलच. दाताचा डॉक्टर, बेकरीवाला, शाळेतल्या दोन बाई, अधूनमधून उद्यानाची रेंजरबाई, आणि सगळ्यांत पुढे मी. पुढच्याने रस्ता बघून ओरडायचं, "वाळू!", "खड्डा!", "फाटक!", आणि मागच्या प्रत्येकाने तेच त्याच्या मागच्याला ओरडून सांगायचं. रस्ता साफ असला तर "मोकळं!" 'मोकळं' ऐकलं की सगळे ब्रेक सोडतात. धुळीत मागच्यांना काही दिसत नसतं, त्यांचा सगळा भरवसा पुढच्याच्या आवाजावर. इतकी वर्षं आमचं हे असंच चाललंय, आणि आजवर कुणाला साधं खरचटलं नव्हतं.

गेल्या रविवारी जुन्या खाणीचा चढ संपवून आपण जिथे झाडीत शिरतो ना, त्या वळणावर पार्कवाल्यांनी नवीन खडीचा ढीग ओतून ठेवला होता. पसरलेला नाही, दाबलेला नाही. मी कडेने निघून गेले, माझ्या मागून डॉक्टर सरळ त्यात घुसला आणि हँडलवरून पलीकडे. बरं, एखादी पाटी लावावी की नाही? नाही! मी रागाच्या भरात उद्यानाच्या ऑफिसला असं खरमरीत पत्र लिहिलंय की वाचणाऱ्याचे कान लाल व्हावेत.

डॉक्टर मात्र मजेत आहे. डाव्या हाताने चहा ढवळतो आणि म्हणतो, "सुट्टी मिळाली." मला त्याचा अजून राग येतो, कारण तो माझ्यावर रागावत नाही.

बाकी नेहमीचं. काल बेअरिंगच्या छर्ऱ्यांचा डबा कोपराने उडवला आणि अख्खी संध्याकाळ गुडघ्यांवर रांगत छर्रे वेचले. मांडीवर एक निळा डाग आहे, तो टेबलाच्या कोपऱ्याचा. टेबल तिथेच असतं, मीच धांदरट झालेय. वय झालं, दुसरं काय. हसू नकोस, तूही येणारच आहेस मागून.

आता मुद्द्याचं. तू एप्रिलमध्ये ये. चार दिवस रजा टाक. चिंगीला आण, जावईबापूंना आण, नाहीतर दोघांनाही घरी सोड. आपण मोठी फेरी करू. खालच्या तळ्यापासून खाणीवरून वर, कड्याच्या कडेकडेने मेंढ्यांच्या कुरणांतून, आणि पलीकडच्या ओढ्याने खाली. आपण दोघी शेवटचं कधी गेलो होतो ते मला आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्न केला की वाईट वाटतं. बघू म्हणू नकोस. तुझं 'बघू' मी लहानपणापासून ओळखून आहे. ये.

चिंगीचा दात पडला की मला कळव. डॉक्टरला सांगते, तेवढाच त्याच्या जिवाला आधार.

तुझी
ताई


५ मार्च, रविवार

प्रिय छोटी,

पत्र मिळालं. पत्र कसलं, बसच्या तिकिटावर मावेल एवढा मजकूर! तरी दोनदा वाचला. चिंगीने काढलेलं माझं चित्रही मिळालं. सायकलपेक्षा माझं नाक मोठं काढलंय. हे तिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे.

तू लिहिलंस, "ताई, येईन गं, पण येऊन काय करू? तू पुढे पळणार, आणि मी दिवसभर तुझी पाठ बघत धूळ खाणार. मी ब्रेक मारला की वळून हसणार. त्यापेक्षा तू इकडे ये, आपण गप्पा मारत बसू."

हे तू गमतीत लिहिलंस हे मला कळलं. आणि गमतीत लिहिलेलं नाहीस हेही कळलं. मी तुला 'ब्रेकमावशी' म्हणायचे, सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि तू हसायचीस. मला वाटायचं तुलाही गंमत वाटते. आता तू शहरात एवढी मोठी बस चालवतेस, डेपोत लोक तुला वचकून असतात असं जावईबापू कौतुकाने सांगतात, आणि इथे आलीस की मी तुला परत फ्रॉकमधली करून टाकते. चुकलंच माझं. एवढं बोलून पुढे जाते, नाहीतर तू म्हणशील ताईला ताप आलाय.

इकडे बरं चाललंय. म्हणजे बरंच. रविवारची फेरी सध्या बेकरीवाला नेतो. मला दुकानातून सवड होत नाही. तो पुढे असला की प्रत्येक पानाला "खड्डा!" म्हणतो, त्यामुळे सगळे पायीच गेल्यासारखे जातात, पण सुखरूप येतात. मी दारात उभी राहून हात हलवते आणि मग आत येऊन चाकांचे आऊट काढते, म्हणजे वाकडी चाकं सरळ करते. चाक फिरवायचं, आऱ्यांवर बोट टेकवायचं, कुठला आरा सैल आहे ते बोटाला आणि कानाला बरोबर कळतं. त्या कामात मी अजून कुणाला हार जात नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात चुकीची लिहिली गेली. पाटी होती.

खाणीच्या वळणावर पार्कवाल्यांनी पाटी लावली होती. लाल, चांगली हातभर रुंद, रस्त्याच्या डाव्या बाजूला. ऑफिसला लिहिलेलं माझं पत्र हातात घेऊन रेंजरबाई स्वतः दुकानात आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, पाटी मी माझ्या हाताने ठोकली. तुमच्या मंडळींना विचारा."

मी विचारलं. शाळेतल्या बाईंनी पाहिली होती. बेकरीवाल्याने पाहिली होती. डॉक्टरनेही पाहिली होती! मी म्हटलं, "अरे शहाण्या, पाटी बघून ब्रेक का नाही मारलास?" तर तो म्हणतो कसा, "तू मोकळं म्हणालीस ना."

बघ. डोळ्यांसमोर लाल पाटी, आणि ती बघूनही ब्रेक सोडला, कारण ताई मोकळं म्हणाली. असा वेडेपणा आमच्याच टोळीत होऊ शकतो. आणि मी मोकळं म्हणाले, कारण तिथे नेहमी मोकळंच असतं. मला ते वळण तोंडपाठ आहे. चढाच्या माथ्यावर ऊन असतं, मग एकदम झाडी, एकदम सावली, तिथे क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्या क्षणात मी पाठांतरावर निघते. इतकी वर्षं निघतेच आहे.

रेंजरबाईंची मी माफी मागितली. हात जोडून मागितली. त्यांनी चहा घेतला आणि टायरातली हवा तपासून घेऊन गेल्या, तेव्हा ते मिटलं. डॉक्टरचं मिटत नाही. परवा आला होता. दुकानात बसला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, निघताना उभा राहिला आणि नुसताच उभा. मी म्हटलं, "काय रे, असा खांबासारखा का उभा?" तो म्हणाला, "मी केव्हापासून हात पुढे केलाय. डावा." खाली पाहिलं तर खरंच त्याचा हात माझ्या कमरेपाशी. मी हसले. तो नाही हसला.

म्हणाला, "डोळे दाखवून आलीस का कधी?"

मी म्हटलं, "तू दाताचा आहेस, दाताचं बघ."

तर त्याने वेळ घेऊनच ठेवली होती. मंगळवारी घेऊन जाणार आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल. वाढू दे. नवी फ्रेम घेईन, जरा फॅशनेबल, तू नावं ठेवशील अशी.

तू एप्रिलचं काही लिहिलं नाहीस. डेपोतल्या साहेबांना विचारून ठेव. पुढे-मागे कोण राहायचं ते आपण इथे आल्यावर ठरवू, त्यावर भांडायला मी तयार आहे. पण ये.

चिंगीच्या दाताचं काय झालं? अजून हलतोय? डॉक्टर रोज विचारतो.

तुझी
ताई


२६ मार्च, रविवार, सकाळ

प्रिय छोटी,

तीन वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही. रागावली असशील. तिसऱ्या वेळी फोन माझ्या हातातच होता. तुझं नाव दिसत होतं, वाजत होता, आणि मी मठ्ठासारखी बघत बसले. उचलला असता तर तू "काय झालं?" म्हणाली असतीस आणि मी "काही नाही गं" म्हणाले असते. मला ते म्हणायचं नव्हतं. त्यात काल डॉक्टर येऊन धमकी देऊन गेला: "तू तिला लिहिलं नाहीस तर मी लिहीन, डाव्या हाताने लिहीन, आणि ते वाचून ती जास्त घाबरेल." त्याचं डाव्या हाताचं अक्षर मी पाहिलंय. म्हणून मीच लिहिते.

नंबर नाही वाढला, छोटी. डोळेच जायला लागलेत.

लगेच रडू नकोस. आधी नीट वाच. समोरचं दिसतं. हे पत्र मी चांगलं दिसत असताना लिहितेय, चिंगीचं चित्र समोर भिंतीवर आहे, त्यातलं नाक दिसतंय. पण डावीकडे, उजवीकडे आणि खाली काही नाही. अंधारही नाही, नुसतं काहीच नाही. एखाद्या नळीतून बघावं तसं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की हे आजचं नाही, बरीच वर्षं कडेकडेने कमी होत आलंय, आणि हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. मान वळवून बघायची सवय लागते, आणि सवय झाली की वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय.

तपासणी कशी झाली ते सांगते, म्हणजे तुझी ताई किती दीडशहाणी आहे ते कळेल. अंधाऱ्या खोलीत एका यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं. समोर एका जागी बघत राहायचं आणि आजूबाजूला बारीक उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बसले. दोन-चार ठिपके दिसले, दाबलं. मग काही येईचना. मी वाट बघितली, खूप बघितली, आणि शेवटी तिथल्या मुलीला म्हटलं, "अगं, तुमचं यंत्र बंद पडलंय." मला खरंच तसं वाटलं! नंतर दुरुस्त करून द्यायची तयारीही मनात चालली होती. ती बिचारी म्हणाली, "सुरूच आहे, काकू."

बाहेर आले तर आपला दाताचा डॉक्टर बाकावर बसलेला. येताना भाड्याच्या गाडीत मी म्हटलं, "तुझं मनगट मी मोडलं रे." तो म्हणाला, "हाड जुळतं." मग मी रडले. तुझ्या ताईने गाडीत बसून, खिडकीची काच वर करून, नाक शिंकरत रडून घेतलं. मोकळेपणाने सांगते तुला, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटते.

बाबा दिवे लागायच्या आत घरी यायचे, आठवतंय? कुठेही असले, कितीही गप्पा रंगल्या तरी सूर्य कलला की निघायचे, आणि आपण त्यांना कोंबड्यांबरोबर झोपणारे म्हणून चिडवायचो. त्यांनाही हेच असणार, यात अंधारात आधी दिसेनासं होतं, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणून तुला सांगते, तुझे डोळे डेपोवाले तपासतात ते ठीक आहे, पण ही ठिपक्यांची तपासणी तू वेगळी करून घे. चिंगीचीही कर. याच आठवड्यात कर. यात 'बघू' चालणार नाही. तुला असण्याची शक्यता आहे तशी नसण्याचीही आहे, आणि माझं मन सांगतंय की तुला नाही. तू वाटेत पडलेली पिनसुद्धा वेचतेस. तरी करून घे, आणि निकाल आला की आधी मला फोन कर. हा फोन मी उचलीन.

आता पुढचं. एकटीने सायकल चालवायची नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. रस्त्यावरही नाही आणि डोंगरात तर अजिबात नाही. मी विचारलं, "आणि दुकटीने?" ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मी विनोद केला नव्हता. मी घरी आले, रात्रभर पडून राहिले, आणि सकाळी मागच्या खोलीतली जोडसायकल बाहेर काढली. एक जोडपं विकायला ठेवून गेलं होतं, कुणी घेत नव्हतं. दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या, आणि त्या चेनने एकमेकींना बांधलेल्या. मी ती पूर्ण उकलली. दोन्ही चाकं नव्याने बांधली, आरे जाडे घातले, कारण दोघींचं वजन आणि वर खडी. टायर जेवढे रुंद बसतील तेवढे बसवले. हात डोळ्यांच्या आधी पोहोचतात, त्यामुळे काम झक्क झालंय, माझ्याच तोंडाने सांगते.

जोडसायकलवर पुढे बसणारा सगळं करतो. हँडल त्याचं, ब्रेक त्याचे, गिअर त्याचे. मागच्याने पाय मारायचे आणि पुढचा सांगेल ते ऐकायचं. मागच्या हँडलला ब्रेकच नसतो. ते हँडल नुसतं धरायला.

परवा मी रेंजरबाईंना पुढे बसवून दुकानामागच्या सपाट रस्त्यावर गेले. काय फजिती सांगू! मागे बसून मी नसलेला ब्रेक दाबतेय, "डावीकडे घ्या, अहो डावीकडे!" म्हणून ओरडतेय, त्या पेडल थांबवायला बघतात तेव्हा मी मारतेय, मी थांबायला बघते तेव्हा त्या मारतायत. दगडी पूल यायच्या आधी मी घाबरून पायच खाली सोडला. बूट फाटला, नडगी सोलली. रेंजरबाई उतरल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "ताई, एक तर तुम्ही पुढे या, नाहीतर गप्प बसा." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "अहो, बरोबरच बोललात." परत येताना आम्ही सायकल ढकलत आणली.

चूक त्यांची नव्हती. त्या चांगल्या चालवतात. मलाच भरवसा टाकता येईना. आयुष्यभर पुढे राहिलेल्या बाईला मागे बसवलं की तिचं काय होतं ते मी बघितलं, आणि मला स्वतःची कीव आली आणि रागही आला. वाटलं, ठेवावी सायकल परत मागच्या खोलीत. दुकान आहे, चाकं आहेत, दारात उभं राहून हात हलवता येतो. झालं की.

नाही ना होत, छोटी. डोंगर समोर दिसतो. समोरचं दिसतं हीच तर पंचाईत आहे. सकाळी शटर वर केलं की पहिला तोच दिसतो.

मग मला गेल्या वर्षीची तुझी बस आठवली. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मला डेपोतूनच बसवलंस, आणि मी मुद्दाम शेवटच्या सीटवर जाऊन बसले, तुझ्या चुका काढायला. तुला सांगितलं नव्हतं. मला एकही चूक सापडली नाही, कारण तिसऱ्या थांब्यानंतर मी झोपले. मी! जी जावईबापूंच्या गाडीत बसली की डॅशबोर्ड धरून बसते, डॉक्टरच्या गाडीत मनातल्या मनात ब्रेक दाबते, ती मी भर गर्दीत, वळणावळणाच्या रस्त्यावर तोंड उघडं टाकून झोपले, आणि शेवटच्या थांब्यावर तू येऊन खांद्याला हात लावलास तेव्हा उठले. तू म्हणालीस, "दमली होतीस वाटतं." दमले नव्हते गं. मला भीती वाटत नव्हती, एवढंच.

जगात एकीच्याच मागे मी अशी बसू शकते, आणि तिला मी आजवर कधी पुढे जाऊ दिलं नाही.

म्हणून विचारते. हे विचारायला दोन पत्रं फुकट घालवली. मोठ्या फेरीला तू पुढे बसशील का? पाहुणी म्हणून नको येऊस, माझ्यावर दया म्हणूनही नको. पुढे बसायला ये. कुठे थांबायचं, कुठे उतरून ढकलायचं, कुठून परत फिरायचं, सगळं तू ठरव. तुला वाटेल तेवढे ब्रेक मार. मी मागे बसून पाय मारीन. पाय अजून दणकट आहेत, चढावर तुला माझा भार वाटणार नाही. उलट तूच विचारशील, कोण ढकलतंय म्हणून.

तुला धास्ती वाटेल हे मला कळतं. पन्नास माणसांची जबाबदारी घेणं वेगळं आणि बहिणीची घेणं वेगळं. नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही. खोटं कशाला बोलू, रुसेन, पण तुला कळू देणार नाही. नाही म्हणायचं असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हण. मग जोडसायकल विकून टाकीन आणि तू आलीस की आपण दुकानात गप्पा मारत बसू. तेही मला आवडेल. पण ते दुसरं झालं.

हो म्हणणार असशील तर एक ऐक. खडी, वाळू, फाटक हे तू सांगशीलच, ते तुझ्या अंगातच आहे. त्याखेरीज मला डावी-उजवीकडचंही सांगत जा. कुरणात मेंढ्या किती पसरल्यात, ओढ्याला पाणी आहे की नुसते गोटे, खाली तळं दिसतंय का आणि आज त्याचा रंग कोणता, कड्यावर कोणी उभं असेल तर ते काय करतंय. थापा मारल्यास तरी चालेल, मला कळणार नाही. रस्त्यासाठी नकोय मला ते. मी इतकी वर्षं पुढे राहिले ती शर्यतीसाठी, असं सगळ्यांना वाटतं. अगं, ते सगळं मला सर्वांत आधी बघायचं असायचं.

पुढची सीट तुझ्या उंचीला लावून ठेवली आहे. मागचीवर मी रोज संध्याकाळी, सायकल भिंतीला टेकवून, हात मोकळे सोडून बसायचा सराव करते.

वाट बघत आहे. तुझ्यामागून यायला तयार,

तुझी ताई